पडलेला दुसरा भाग

राळेगावच्या एसटीत शेजारचे काका मोबाइलवर एका गुन्हेपटाचा दुसरा भाग पाहत होते. मला राहवेना. म्हणालो, "पहिला भारी होता. यात खुनी आधीच तुरुंगात आहे, इन्स्पेक्टर नुसता गावात फिरतो."

त्यांनी सिनेमा थांबवला, दुपट्ट्याने चष्मा पुसला.

"मी पोलीस पाटील होतो, भाऊ. गावातला एक पोरगा माह्या साक्षीनं आत गेला. साहेब जीपीत बसून निंगून गेले. मले मात्र रोज त्याच्या मायच्या दारावरून जा लागे."

सिनेमा पुन्हा सुरू झाला. पडद्यावरचा इन्स्पेक्टर मान खाली घालून एका उघड्या दारासमोरून गेला. काकांनी तेवढाच प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिला.

थिएटरातून मी नेमका तिथेच कंटाळून उठलो होतो.