रंगबाई आणि ठसेकाका

चोवीस वर्षं एकाच शाळेत चित्रकला शिकवून बाईंचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. मुलांच्या तोंडी, आणि त्यामुळे स्टाफरूममध्येही, त्या रंगबाईच. जिन्याखालची खोली त्यांची. फलक लिहायचे, प्रमाणपत्रांवर नावं घालायची, नाटकाचे पडदे रंगवायचे. शिकवणं उरल्या वेळात. परीक्षा जवळ आली की गणिताचे सर दारात येऊन विचारायचे, "आजचा तास घेऊ का तुमचा?" आणि बाई म्हणायच्या, "घ्या की."

त्या वर्षी मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, सभेत जाहीर केलं की एक संस्था शाळेत खराखुरा कलावंत पाठवणार आहे. आठवड्याचे तीन दिवस, वर्षभर. रंगबाईंच्या मनात तोच शब्द अडकून बसला. खराखुरा? मग आपण काय खोट्या?

घरी नवऱ्याला सांगितलं. चष्म्याच्या दुकानात नोकरी करणाऱ्या त्या माणसाकडे कुठल्याही संकटावर थट्टेचा उतारा तयार असे.

"बरंच झालं की. आयता मदतनीस!"

"मदतनीस कसला, अहो? वर्षभर तो शिकवणार. मग म्हणतील, या बाई हव्यात कशाला?"

बाईंनी मात्र मनाशी ठरवलं, येऊ दे त्याला. आपण मदतीचं बोटही लावायचं नाही.

तो आला. उंच, जरा पोक काढून चालणारा. लाकडाच्या फळीवर चित्र कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर ठसे काढायचे, हे त्याचं काम. प्रदर्शनं भरवलेली, पेपरात फोटो आलेला. पहिलाच तास सातवीचा, शेहेचाळीस मुलं. रंगबाई मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसल्या.

फळ्याकडे तोंड करून तो चांगली पंधरा मिनिटं चित्रातल्या मोकळ्या जागेबद्दल बोलला. मग वळून म्हणाला, "कळलं ना, मोकळी जागा म्हणजे काय?"

"हो सर," एक मुलगी म्हणाली, "माझ्या शेजारी आहे."

वर्गात हशा फुटला. तशात त्याने शाईचा डबा उघडला. दहा मिनिटांत शाई भिंतीवर, डब्यांवर, एकीच्या वेणीवर. तेवढ्यात एका मुलाने टेबलावरची धारदार कोरणी उचलली आणि डाव्या अंगठ्याशी नेली. पुढच्या क्षणी त्याचं मनगट रंगबाईंच्या मुठीत होतं. आपण कधी उठलो हे त्यांनाही कळलं नाही.

घंटा झाल्यावर तो नळाशी हात चोळत उभा होता. शाई निघत नव्हती.

"बाई, मी मोठ्या बाईंना सांगून टाकतो. मला नाही जमणार हे."

आंधळा मागतो एक डोळा, तशी गत! बाईंना हेच तर हवं होतं. पण त्याने पुन्हा साबण घेतला आणि तीच बोटं घासू लागला.

"वीस वर्षं एकटाच काम करतोय," तो म्हणाला. "खोलीत मी, फळी आणि रेडिओ. रेडिओ उलट उत्तर देत नाही हो."

बाईंना हसू फुटलं. "साबणाने नाही जायची ती. आधी तेल चोळा," त्या म्हणाल्या, आणि मग जिभेला आवर घालायच्या आत पुढचंही बोलून गेल्या, "सोमवारी सहावी आहे. कोरण्या घरी ठेवा. थर्माकोलच्या तुकड्यावर बोथट पेन्सिल दाबली की खाच पडते. शाई तुम्ही लावायची, मुलं रांगेत. आणि बोलायचं कमी."

"किती कमी?"

"दोन वाक्यं."

सोमवारी रांग बाईंनी धरली, शाई त्याने लावली. एका मुलीने स्वतःचं नाव कोरलं होतं. कागद उचलला तर नाव उलटं! ती रडवेली झाली. त्याने काही न बोलता तो कागद खिडकीच्या काचेवर पालथा धरला. उजेडात नाव सुलट दिसलं आणि अख्खा वर्ग "मलाही, मलाही" करत त्याच्यावर तुटून पडला. त्या दिवसापासून तो ठसेकाका झाला. डबे खाऊन झाले की रंगबाई त्याच्याकडून लाकूड कोरायला शिकू लागल्या.

तरी मनातली भीती काही गेली नव्हती. वर्ष संपताना मोठ्या बाईंनी बोलावणं धाडलं. बाई दाराबाहेरच्या बाकावर बसून होत्या.

"या, बसा. कलावंतांचा अहवाल आलाय," मोठ्या बाई म्हणाल्या आणि वाचू लागल्या. "चित्रकलेच्या शिक्षिका सोबत असतील तरच मी पुढल्या वर्षी येईन. आणि चित्रकलेचा तास कुणालाही उसना देऊ नये." त्यांनी कागद खाली ठेवला. "संस्थेला मान्य आहे. मलाही."

"म्हणजे... मी आहे?"

"आहे म्हणजे? तुम्हाला काय वाटलं होतं?"

रंगबाईंनी सांगून टाकलं.

"वर्षभर हे पोटात घेऊन फिरलात? अहो, विचारायचं तरी!"

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या हसायला लागल्या, डोळे पुसायला लागल्या, दोन्ही एकदम. मोठ्या बाईंनी पुढे केलेला पाण्याचा पेला एका दमात रिकामा केला आणि आणखी एक मागितला.

बाहेर येऊन त्यांनी नवऱ्याला फोन लावला. "अहो, राहिले मी!"

"कुठे राहिलीस? जेवायला येणार नाहीस का?"

"नोकरीत हो, नोकरीत!"

पलीकडून "अगं वा!" अशी आरोळी आली आणि पाठोपाठ काहीतरी खळ्कन फुटल्याचा आवाज.

"काय झालं?"

"काही नाही, गिऱ्हाइकाची काच होती," तो म्हणाला. "दुसरी बसवतो. तू सांग, अगदी पहिल्यापासून सांग."