अर्थिंगचा खड्डा

सोडियम आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन सोडतो, क्लोरीन तो घेतो, आणि विरुद्ध प्रभाराचे आयन एकमेकांना घट्ट धरून बसतात. सदर भागातल्या ज्युनियर कॉलेजात मी वर्षानुवर्षं हेच शिकवतो आहे. कोरड्या मिठातून वीज जात नाही, कारण आयन जागचे हलत नाहीत. पाण्यात विरघळले की मोकळे होतात आणि वीज वाहून नेतात. हे मी झोपेतही बिनचूक सांगेन.

घर बांधलं तेव्हा वायरमनने अंगणात खोल खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरली आणि भोवती खडेमीठ अन् कोळसा भरला. घरातल्या एखाद्या यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती या वाटेने जमिनीत जाते. उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी टाका, असं त्याने आईला बजावलं. आई पारशिवनीची, चौथी शिकलेली. तिने कारण विचारलं नाही. एप्रिल लागला की रोज संध्याकाळी तुळशीनंतर खड्ड्याला पाणी. मी टिंगल करायचो, "मिठाले कोंब फुटले का वं, आई?"

मग गाडी आली. धरमपेठेतल्या मित्राकडे आहे तसं अंगण मला हवं होतं. पेव्हर ब्लॉक बसवून घेतले, खड्ड्यावरूनसुद्धा.

"काहून झाकून राहिला गा तो? पाणी कुठून टाकू?"

"मी केमिस्ट्री शिकवतो. तू मले नको शिकवू."

ती बादली घेऊन तुळशीकडे वळली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासारख्या मास्तराला पाहूनच कुणाला तरी सुचली असणार.

मे महिन्यातल्या एका दुपारी कूलरमध्ये पाणी भरताना तिचा हात पत्र्याला लागला. पंपाची वायर आतून सोलली होती. पाय अनवाणी, फरशी ओली. मी आतल्या खोलीत पुढच्या वर्षाच्या नोट्स काढत होतो. बादली पडल्याचा आवाज मी ऐकला. उठलो नाही. वाटलं, उचलेल.

आईची तेरवी झाल्यावर वायरमन आला. ब्लॉक उचकटून त्याने लोखंडी सब्बल मारली, तशी मिठाची ढेकळं ताडकन फुटली. आयनिक संयुगं ठिसूळ असतात, हेही मी फळ्यावर लिहीत असतो. खालपर्यंत सगळं खडखडीत कोरडं होतं.

"सर, हे झाकलं कोणं?"

"फरशीवाल्यानं," मी म्हणालो. माझी मला किळस आली, पण शब्द मागे घेतला नाही.

भेटायला आलेले सगळे एकच म्हणत, कूलरने घात केला. मी मान हलवायचो. धाकट्या भावाने कूलर भंगारवाल्याला देऊन टाकला. तो हातगाडीवर चढवताना एक बाजू भावाने धरली होती, एक मी.

"मले तर याच्याकडे पाहवत नाही, दादा," तो रडत म्हणाला.

"मलेही," मी म्हणालो.