आरशातले हात

आमच्या नाचाच्या क्लासची सुरुवात माफी मागण्यापासून होते. ओळीत उभं राहायचं, दोन्ही पाय आपटायचे, मग खाली बसून हात फरशीला लावायचे आणि तेच हात डोळ्यांना. आता तासभर तुझ्या अंगावर पाय आपटणार आहोत, जमिनी, राग मानू नकोस, असा त्याचा अर्थ. तास संपला की पुन्हा तेच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. आधी माफी, मग लाथा, मग पुन्हा माफी. आमच्या ऑफिसातल्या साहेबांना ही पद्धत फार आवडली असती.

आता हसू येत नाही. खाली वाकून फरशीला हात लावताना हल्ली मला दुसऱ्याच कुणाची तरी माफी मागायची असते, आणि ती माझ्या पुढच्या ओळीत पाठमोरी बसलेली असते.

हिमायतनगरच्या एका गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर हा कुचिपुडीचा क्लास आहे. बाई तेलुगू, साठीच्या पुढच्या. लाकडी ठोकळ्यावर काठीने ताल धरतात आणि रागावल्या की तेलुगू सोडून इथल्या दखनी हिंदीत येतात. माझी लेक शाळेच्या गॅदरिंगमध्ये कुणाचा तरी नाच बघून आली आणि आठवडाभर घरात मान डोलवत फिरली. तिला हेच शिकायचं होतं. तिच्या हट्टापुढे माझं काही चालत नाही, पण घरात आणखी एका माणसाला विचारायचं होतं.

ते म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते आमच्याकडे तारनाक्याला राहतात. नवऱ्याची नोकरी फिरतीची, त्यामुळे घरात बहुतेक वेळ आम्ही तिघंच. आमचं घर बौद्ध, मूळ मराठवाड्यातलं. बाबा रेल्वेत लागले म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले, पण सकाळची वंदना आणि बोलण्यातला गावाकडचा हेल त्यांनी सोडला नाही. लहानपणी गावात देवळाच्या पायरीपर्यंतसुद्धा त्यांना जाता येत नव्हतं. पुढे आजोबांनी दीक्षा घेतली, तेव्हा मूर्तीपुढे हात जोडणार नाही असा शब्द अख्ख्या घराने दिला. बाबा तो कुणाला ऐकवत फिरत नाहीत. पाळतात, एवढंच.

नातीचं म्हणणं त्यांनी पेपर बाजूला ठेवून नीट ऐकलं.

"शीक की. नाचायला काय हरकत हाय? पण तिथं मूर्ती असंल. तिच्यापुढं हात जोडायचे न्हाईत. आपण शब्द दिलाय."

"कुणाला, आजोबा?"

"आपला आपल्यालाच." मग पेपर पुन्हा उचलत म्हणाले, "हात जोडावे वाटले तर त्या बाईंना जोड. शिकवणार तर त्याच हायेत."

पहिल्या दिवशी क्लासच्या दारातच मी बाईंना हे सांगितलं. सांगताना माझा आवाज नको तितका खाली गेला होता, आणि त्याचा मला रागही आला. बाईंनी लेकीकडे बघितलं, मला म्हणाल्या, "भूमि कू तो हाथ लगाती ना? बस है, अम्मा."

मोठ्यांचं असं दोन वाक्यांत मिटलं. पोरींचं मिटायला वेळ लागला. समोरच्या भिंतीशी नटराजाची पितळी मूर्ती आहे आणि तिच्या शेजारी भिंतभर आरसा. सगळ्या मुली मूर्तीकडे तोंड करून हात जोडायच्या आणि त्या सगळ्यांच्या मध्ये माझी लेक हात खाली सोडून ताठ उभी. मग फरशीला हात लावायची आणि उठून, वळून, एकट्या बाईंना नमस्कार करायची. बाकीच्या पोरी टकामका बघायच्या. एकीने विचारलंच, "तू कायकू नै करती?"

घरी येताना स्कूटरवर मागून प्रश्न आला, "काय सांगू तिला?"

"सांग, आमच्या घरी करत नाहीत."

तिने पुढच्या रविवारी तसंच सांगितलं. कुणी पुन्हा विचारलं की पुन्हा सांगितलं. एकदा तर चिडवणाऱ्या मुलीला म्हणाली, "तू कर ना, मैं कायकू रोकूँ?" मी बाहेर बाकावर बसून हे ऐकत होते आणि माझी छाती अशी फुगली की काही विचारू नका. पोर माझ्यावर गेली आहे, असं मी फोनवर बहिणीला सांगितलंही. इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात फार कमी वेळा बोलले असेन.

कारण मी तशी नाही. आबिड्सला आमच्या ऑफिसात दसऱ्याला मशीनची पूजा होते. मी रांगेत असते, प्रसाद घेते, फोटोत हसते. कुणी विचारत नाही, मी सांगत नाही. आडनावावरून कुणी गाव विचारलं की जिल्ह्याचं नाव सांगून विषय बदलते. लेकीला ताठ उभं राहायला शिकवणारी मी, स्वतः मात्र गर्दीत मावेन अशाच बेताने जगत आले.

गेल्या पावसाळ्यात बाईंनी आम्हा बाकावरच्या आयांना धारेवर धरलं. "फोन देखने कू आते क्या? पीछे खडे हो जाओ, घुटने खुलते." तिघी-चौघी हसत उभ्या राहिल्या, त्यांत मीही. दुपट्टा कमरेला बांधला, मागच्या ओळीत जागा घेतली. पुढे पोरी, मागे आम्ही. बाईंनी काठी ठोकली. सगळ्यांचे हात वर गेले.

माझेही गेले.

कुणी सांगितलं नव्हतं. बाई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, आणि बघितलं असतं तरी काही म्हणाल्या नसत्या. पण शेजारच्या बायकांचे हात उठले आणि ऑफिसात उठतात तसे माझेही उठले, छातीशी येऊन जुळले. समोर बघितलं तर आरशात सगळ्या ओळीच्या ओळी दिसत होत्या. जोडलेल्या हातांच्या त्या गर्दीत एकच जोडी खाली सोडलेली होती. त्या हातांच्या वरचा चेहरा माझ्याकडे बघत होता.

तिने डोळे मोठे केले नाहीत, काही नाही. नुसतं बघितलं, आणि फरशीला हात लावायला खाली बसली.

परतताना नारायणगुड्याच्या सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा तिने विचारलं, "आई, तुला कोणी कर म्हटलं का?"

"नाही गं."

"मग?"

"चुकून झालं."

सिग्नल सुटला. मग मागूनच म्हणाली, "माझ्याकडून नाही होत चुकून."

त्या रात्री बाबांनी जेवताना कौतुकाने विचारलं, "काय, आज माय-लेकी दोघी नाचल्या म्हणे?" मी भाजीत डोकं घातलं. पोर आता बोलणार, असं वाटत होतं. ती म्हणाली, "आईला अरमंडी येत नाही, आजोबा. गुडघे फाकवून अर्धं बसायचं असतं, ती निम्मीच बसते." बाबा हसले. मीही हसले. तिने मला झाकलं होतं. एवढ्याशा पोरीने आपल्या आईला पाठीशी घालावं, याची मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या वेळी हात खाली ठेवायचे, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण एकदा जोडलेले हात पुढच्या खेपेला न जोडणं हे पहिल्यापासून न जोडण्यापेक्षा फार अवघड असतं. शेजारची विचारेल, काय झालं म्हणून. मग मी पळवाटा काढल्या. कधी स्कूटर लावायला वेळ लावायचा आणि नमस्कार उरकल्यावर आत शिरायचं, कधी नेमका तेव्हाच दुपट्टा सोडून पुन्हा बांधायचा. जमलं नाही त्या दिवशी जोडून मोकळं व्हायचं.

या सगळ्यात मला नाच आवडायला लागला, हे आणखी वाईट. तै हत् तै ही, तै हत् तै ही. टाच, पंजा, टाच. दिवसभर खुर्चीत आखडलेलं अंग तासाभरात सुटायचं. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्यांवरसुद्धा माझे पाय चालायचे. बाबा टेबलावर स्टीलच्या पेल्याने ठेका द्यायचे, चुकीचा, पण मनापासून. बाई एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "देखो, अम्मा का पाँव देखो." आणि त्याच आठवड्यांत लेकीचा पाय हलका पडत गेला. तिचं पाऊल आधी खणखणीत वाजायचं. आता ती नुसती ठेवल्यासारखं ठेवायची. "जान नै क्या पाँव में?" बाई ओरडायच्या. मला वाटलं, कंटाळली असेल, शाळा आहे, परीक्षा आहेत. सोयीचं कारण मला नेहमीच पटकन सापडतं.

मग एका रविवारी मी आरशात बघितलं आणि खाली सोडलेली ती जोडी सापडेना. लेकीने हात जोडले होते. शेजारणींसारखे, अगदी व्यवस्थित.

जिना उतरताना मी विचारलं, "का गं?"

ती खांदे उडवून म्हणाली, "तू करतेस की."

कर म्हणू की नको म्हणू? तिला देवाचं काही वाटून तिने हात जोडले असते तर मी बाबांशी तिच्या बाजूने भांडलेही असते. पण तिला तसं काही वाटत नव्हतं. एकटीने उभं राहायचा तिला कंटाळा आला होता, आणि तो कंटाळा मी आणला होता. मी बाहेर बाकावर बसायचे तोवर ती एकटी नव्हती. क्लासमध्ये मी तिच्या मागे उभी राहिले आणि ती एकटी पडली.

दिवाळीनंतर बाईंनी घरच्यांना बोलावलं. मोठा कार्यक्रम नव्हता, पोरी आणि आया काय शिकल्या ते दाखवायचं, एवढंच. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तासभर आधीच तयार. तिथे भिंतीला लागून खुर्च्या मांडल्या होत्या, ते पहिल्या खुर्चीत बसले, काठी गुडघ्यांमध्ये धरून.

बाईंनी ठोकळा वाजवला. हात उठले. माझे उठले नाहीत. बाबा समोर होते ना! दोन्ही हात मांड्यांना चिकटवून मी अशी ताठ उभी राहिले की जणू जन्मभर तशीच उभी असते. आरशात लेकीने मला बघितलं, मग खुर्चीतल्या आजोबांना बघितलं, पुन्हा मला. तिला सगळं समजलं. तिने सावकाश हात उचलले आणि जोडले.

नाच चांगला झाला म्हणतात. मला काही आठवत नाही.

बाबांना स्कूटर झेपत नाही म्हणून आम्ही ऑटोने निघालो. विद्यानगर येईपर्यंत बाबा नाचाबद्दल बोलले. मग नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हात जोडायला कुणी सांगितलं होतं, बाळ?"

ती बाहेर बघत म्हणाली, "कोणी नाही. चुकून झालं."

माझेच शब्द. माझ्याच स्वरात.

"असू दे. ल्हान हायेस. पण आईकडं बघावं जरा. आई कशी उभी व्हती?"

"मी आईकडेच बघते, आजोबा."

ऑटोवाल्याने हॉर्न दिला. मी तोंड उघडलं, "बाबा..."

"काय गं?"

"काही नाही. पाय दुखतायत."

घरी आल्यावर लेक तिच्या खोलीत गेली. मी सोफ्यावर बसले होते. थोड्या वेळाने बाबा स्वयंपाकघरातून घमेलं घेऊन आले. कोमट पाणी, मीठ. घमेलं दोन्ही हातांनी सांभाळत, गुडघेदुखीने कण्हत ते माझ्या पायांशी वाकले. कुणापुढे न वाकलेला माणूस माझ्या पायांशी वाकला, आणि मला ते सोसवेना.

"आधी मी जोडले होते, बाबा," मी म्हणाले. "पावसाळ्यापासून जोडतेय. तिने माझं बघून जोडले. आज तुम्ही होतात म्हणून मी तशी उभी राहिले."

ते वाकलेलेच राहिले. बोटाने पाणी ढवळलं. लेकीच्या खोलीचं दार उघडं होतं आणि ती चौकटीला टेकून उभी होती.

"हात जोडले त्याचं तू बघ. तू मोठी हायेस," बाबा म्हणाले. मग त्यांनी मान वर केली. "पर मघाशी ऑटोत मी तिला बोललो, तवा तू गप का बसली?"

मी लेकीकडे बघितलं. तीही उत्तराचीच वाट बघत होती.