बटण सोडा की! डबडं, गूळ आणि गगनबावडा

सोमवारी पाइप उतरणार, असं मल्लाप्पा अण्णांनी बुधवारी फोनवर सांगितलं आणि आमचा रविवार ठरून गेला. गगनबावडा.

पाइप म्हणजे इचलकरंजीत अण्णांच्या गच्चीवर उभा असलेला चाळीस फुटी लोखंडी पाइप. त्याच्या टोकाला रेडिओचा एरियल. अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे. आयुष्यभर त्यांनी मागाच्या मोटरी दुरुस्त केल्या आणि संध्याकाळी गच्चीखालच्या खोलीत बसून हौशी रेडिओवर गप्पा मारल्या. आता मुलाला गच्चीवर सोलरच्या प्लेटा बसवायच्या आहेत आणि पाइपाला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा बरोबर मध्ये येतात. मुलाचं चुकत नाही, वीजबिल अण्णाही बघतात.

पण त्या पाइपाचं एक काम राहून गेलं होतं. "इचलकरंजीतनं गगनबावडा डायरेक्ट लागतोय," असं अण्णा वीस वर्षं सांगत आलेत. मध्ये टॉवर नाही, इंटरनेट नाही, त्यांचा एरियल ते तिकडचा एरियल. आम्ही सगळे हसायचो. "अण्णा, मधी डोंगर हाईत की." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "डोंगराला इचारून बोलायचं व्हय?" मात्र तिकडे रेडिओ घेऊन जाऊन खात्री कुणीच केली नव्हती. घरी माझा जुना सेट आहेच, गाडीत बसवायचा मी दिवाळीत घेतला तेव्हा अण्णांना शब्द दिला होता, पुढच्या रविवारी जातो. असे दहाबारा पुढचे रविवार गेले. आता एकच उरला होता.

सेटबद्दल थोडं सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी हौस असेलच. माझा हा सेट जेवणाच्या डब्याएवढा आहे. एक मोठं गोल बटण, चार छोटी बटणं, आकडे दाखवणारी पट्टी आणि गुंडाळलेल्या वायरीचा माइक. रंगीत पडदा नाही, नकाशा नाही, ब्लूटूथ नाही. बोलायला माइकचं बटण दाबायचं, ऐकायला सोडायचं. अण्णांचा पहिला धडाच तो होता: "बोलताना दाब, ऐकताना सोड. संसारातबी हेच." ते स्वतः मोठाले, घरी जोडलेले सेट वापरणारे. माझा सेट पहिल्यांदा बघून त्यांनी फक्त "डबडं" एवढंच म्हटलं. माझी बायको सुमन हायस्कूलला गणित शिकवते. तिचं मत वेगळं, पण निष्कर्ष तोच. "एवढ्या पैशांत चांगला मोबाईल आला असता. त्यात फोटोसुद्धा निघतात."

तुम्ही घेणार असाल तर दोन गोष्टी. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढल्याशिवाय बोलायचं नाही, आणि परवान्याची प्रत गाडीत ठेवायची. दुसरं, सेटला वीज थेट बॅटरीवरून घ्या, फ्यूज घालून. मोबाईल चार्ज करायच्या खाचेतून घेऊ नका, ती एवढा भार सोसत नाही. एरियल लोहचुंबकाचा मिळतो, टपावर ठेवला की चिकटतो. माइकसाठी खटक्याचा मजबूत हूक घ्या. मी दुहेरी चिकटपट्टीवर भागवलं होतं. त्याची गोष्ट पुढे येते.

सकाळी सातला मंगळवार पेठेतून निघालो. अण्णांनी शिफारस केलेल्या ठिकाणी मिसळ खाल्ली. दोघांचे दोनशेच्या आत झाले, पाव हवे तेवढे. फुलेवाडी ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस आणि समोर उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर डुलणारा ऊस आणि स्पीकरवर ठणाणा गाणी. थंडीत जाणार असाल तर वेळेचा अंदाज नकाशावरून बांधू नका. पंचावन्न किलोमीटरला दीड तास नुसते ट्रॅक्टरांच्या मागे मागे जातात. आमच्यापुढे मात्र गंमत होत होती. टपावरचा एरियल आरशात दिसला की ट्रॅक्टरवाले गाणी बारीक करून बाजूला होत होते.

"आपल्याला पोलीस समजतायत," सुमन म्हणाली. तिला हा सेटचा पहिला उपयोग दिसला.

कळे गावापर्यंत अण्णा स्वच्छ येत होते. त्यांनी पहाटेच पाइप पिळून एरियल पश्चिमेला फिरवला होता. रेडिओवर आपलं बोलणं संपलं की जग 'ओव्हर' म्हणतं, अण्णा 'बोला की' म्हणतात.

"कुठवर आलासा? बोला की."

"कळे, अण्णा. गडाच्या पायथ्याला अकराला पोचतो. बोला की."

"मिसळ खाल्ली न्हवं? बोला की."

"खाल्ली. झकास," मी म्हणालो. सुमननं माझ्याकडे बघितलं.

कळ्याच्या पुढे एका गुऱ्हाळावर थांबलो. थांबाच. कढईतून रस वाफेत उकळत असतो आणि ताजी काकवी द्रोणात ओतून देतात. बोट बुडवून चाटायची. मी माइक हँडब्रेकजवळच्या हुकाला अडकवून उतरलो. गुऱ्हाळाचा मालक माझ्याआधी एरियलजवळ पोचला होता.

"पावणं, पोलीस का?"

"न्हाय हो. हौशी रेडिओ आहे."

"म्हंजे एफएम?"

"यात आपणपण बोलायचं. तिकडून माणूस उत्तर देतो."

"आन गाणी?"

"गाण्यांना परवानगी नाही. नियम आहे तसा."

त्यानं एरियलकडे, डबड्याकडे आणि शेवटी माझ्याकडे बघितलं. "मग मोबाईल काय वाईट हुता?"

सुमननं त्याच्याकडून लगेच एक किलोची ढेप घेतली. मला वाटतं, कृतज्ञतेनं. ढेप अजून कोमट होती. कागदात गुंडाळून तिनं ती दोन सीटांच्या मध्ये, हँडब्रेकच्या मागे ठेवली आणि आम्ही निघालो.

पुढचा रस्ता सुंदर आहे. साळवण मागे पडलं की डोंगर जवळ येतात, ऊस कमी होतो, झाडी वाढते आणि मधूनच कुंभी नदीचं पाणी चमकतं. रस्ता काही ठिकाणी उखडलेला आहे, गाडी बरीच आदळते. रेडिओ मात्र एकदम शांत झाला. अण्णा दर दहा मिनिटांनी हाक मारणार होते, एकही आली नाही.

"डोंगर आडवे आले," मी म्हणालो.

"पण याचा लाल दिवा किती छान दिसतोय," सुमन म्हणाली. मी हिरव्या दिव्याचं काहीतरी सांगणार होतो, तेवढ्यात समोरून एसटी आली आणि राहून गेलं.

मग आम्ही नवराबायको गाडीत बोलतात तसं बोललो. सुमननं मिसळीचा निकाल लावला. "तर्रीला नुसता रंग होता. अण्णांच्या जिभेवर आता विश्वास नाही ठेवायचा." तिच्या मुख्याध्यापकांवर पाच किलोमीटर गेले. खुशीत येऊन तिनं एक जुनं गाणं म्हटलं, दोन्ही कडव्यांसकट. मग तिनं विचारलं, "आणि गडावरून नाहीच ऐकू आले अण्णा, तर?"

"आले म्हणून सांगायचं," मी म्हणालो. "बारीक होता आवाज, पण आला म्हणायचं. उद्या पाइप उतरणार. म्हाताऱ्याला बरं वाटेल."

"खोटं?"

"त्यांना कसं कळणार?"

"कळेल. एवढी धावपळ करतोयस ती खोटं सांगायला?"

असळज गाव अजून पुढे होतं, मी एक वळण घेतलं. मग जे म्हणालो ते घरात बसून कधी म्हटलं नसतं. बाबा गेल्यापासून 'चुकलास' असं तोंडावर सांगणारा माणूस मला एकच उरलाय. ऑफिसात मी साहेब, पेठेत काका. सगळे मान डोलवतात. अण्णा गेली वीस वर्षं दर आठवड्याला रेडिओवर माझी कुठली ना कुठली चूक काढतात. त्यांचा सेट कपाटात गेला की तेही फोनवर तब्येतीच्या चौकश्या करणारे म्हातारे होतील, आणि मला ते नको आहे.

सुमननं पाण्याची बाटली पुढे केली.

गगनबावडा गाव घाटाच्या अगदी तोंडावर आहे. तिथून गगनगडाच्या पायथ्यापर्यंत गाडी जाते. शेवटचा चढ पहिल्या गियरचा, पुढे पायऱ्या. अकराला पाच कमी असताना गाडी लावली. पश्चिमेला कोकण धुक्यात होतं आणि पूर्वेला, आम्ही आलो तिकडे, एकामागे एक डोंगर. ते मोजून माझा धीर सुटला. यातून आवाज जायचा म्हणजे अवघडच होतं.

"हे केवढं तापलंय," सुमन म्हणाली. तिचा गुडघा सेटला लागला होता. "भाकरी भाजेल याच्यावर."

मी माइक घ्यायला हात नेला. हूक नव्हता. चिकटपट्टीसकट तो खाली पडला होता. मी गुंडाळलेली वायर धरून माग काढला. ती सीटच्या कडेनं हँडब्रेकमागे गेली होती आणि गुळाच्या ढेपेखाली नाहीशी होत होती.

लाल दिवा. या सेटवर लाल म्हणजे बोलणं चालू. हिरवा म्हणजे ऐकणं. महागड्या सेटमध्ये जास्त वेळ बटण दाबलं राहिलं तर आपोआप बंद व्हायची सोय असते. माझा साधा. कळ्यापुढच्या पहिल्या खड्ड्यापासून इथपर्यंत गुळाच्या ढेपेनं आमचा संसार अखंड प्रक्षेपित केला होता.

मी ढेप उचलली. दिवा हिरवा झाला आणि डबडं अण्णांच्या आवाजात ओरडलं.

"...ण सोडा की! बटण सोडा की रं! यप्पा, किती बोलतासा! बटण सोडा की!"

सुमननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी माइकचं बटण दाबलं. ढेपेचा कागद फाटून ते गुळानं चिकट झालं होतं.

"अण्णा, गगनगडाच्या पायथ्यावरून बोलतोय. ऐकू येतंय का? बोला की."

"तासाभरापासनं ऐकू येतंय. असळजच्या पुढं धा मिनिटं गायब झालासा, परत वर चढलासा तसं खणखणीत. वैनींचं गाणं ब्येस झालं, पर ह्या पट्टीवर गाण्याला परवानगी न्हाय, सांगा त्यास्नी. आन मिसळीत कायबी खोट न्हाय. बोला की."

मी माफी मागितली. ती त्यांनी मध्येच तोडली नाही, कारण रेडिओवर तोडता येत नाही. हे या यंत्राचं मला फार आवडतं.

"ते ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले, आणि आवाज बदलला. "आता हिशेबाचं बोल. मी तुला ऐकलं, हे निम्मं झालं. तू मला ऐकलंस तर वहीत लिवायचं. तू तर खोटं सांगणार हुतास. मग खरं सांग, किती येतोय माझा आवाज? बोला की."

आम्ही आवाज आकड्यांत सांगतो. स्पष्टपणा पाचपैकी, जोर नऊपैकी. आवाज खोलीत बसल्यासारखा येत होता. मागे त्यांची सून भांडी घासत होती ते पण कळत होतं.

"फाइव्ह नाइन, अण्णा. बोला की."

"बाकीच्यांनी सांगितलं असतं तर लिवलं असतं. तुझ्यावर आज इश्वास न्हाय. वैनीस्नी इचार. बोलू नगासा म्हणावं, परवाना न्हाय. तासभर बोलल्या तेवढं रगड झालं. नुसती मान हलवू दे. बोला की."

मी सुमनकडे बघितलं. तिनं डोळे पुसले, हसूनच भरले होते बहुतेक, आणि ठामपणे मान हलवली.

"हलवली, अण्णा."

मग कागदावर पेन घासल्याचा आवाज आला, अगदी स्वच्छ.

"लिवलं," अण्णा म्हणाले.

नंतर आम्ही पायऱ्या चढून गड बघितला. वारा जोरात होता, स्वेटर न्या. खाली गावात झुणका, भाकरी, खर्डा आणि दह्याचं ताट दीडशेला, भाकरी चुलीवरची. परतीच्या वाटेवर ट्रॅक्टर रिकामे असल्यानं रस्ता बरा मिळाला. माइक सुमननं पूर्ण वेळ हातात धरला होता, झुरळ धरावं तसा, दोन बोटांत. चारपर्यंत घरी पोचलो.

सोमवारी पाइप उतरला. मंगळवारी अण्णांचा फोन आला. तब्येतीची चौकशी नाही, काही नाही. "ते डबडं कुठनं मागीवलंस? पोराच्या टेंपोत बसवतो. पर त्यो हूक नगं."

सेट बिघडला नाही. ताकद निम्म्यावर ठेवली होती म्हणून वाचला. ढेप पुढे महिनाभर पुरली. तिच्या एका बाजूला माइकच्या जाळीचा नक्षीदार ठसा उमटला होता, तेवढा भाग सोडून आम्ही गूळ फोडत होतो.

आणि गेल्या आठवड्यात टपालानं कार्ड आलं. नव्या ठिकाणाशी बोलणं झालं की आम्ही एकमेकांना छापील कार्ड पाठवतो. वेळ, ठिकाण, आवाजाचे आकडे, सगळं अण्णांच्या वळणदार अक्षरात भरलेलं होतं. खाली शेऱ्याची एक ओळ असते. तिथं लोक शुभेच्छा लिहितात. अण्णांनी एकच शब्द लिहिला होता.

"चुकलास."

माइकबद्दल की मिसळीबद्दल, मी विचार करत बसलो. सुमननं कार्ड माझ्या हातातून घेतलं, वाचलं आणि फ्रिजच्या दारावर लावलं, एका जुन्या लोहचुंबकाखाली.

"'चुकलास' सांगणारा एकच उरलाय, हे तू असळजच्या आधी म्हणालास," ती म्हणाली. "म्हणजे ऐकलंय त्यांनी."