मुक्तिदिनाला मामांची एकच अट

लढाईत माझ्या मामांनी एकही गोळी झाडली नाही. ते फौजेत पाण्याचा टँकर चालवत. हे ते कुणालाही सांगतात, विचारलं तरी आणि न विचारलं तरी. पण मुक्तिदिन समितीला पाणी पचत नाही, म्हणून दरवर्षी निवेदक मामांना एकेक पायरी वर चढवतो. एका वर्षी टँकरचं 'लष्करी वाहन' झालं, पुढे 'चिलखती वाहन', आणि गेल्या वर्षी मामांनी शत्रूचा पूल उडवला. घरी आल्यावर मामा म्हणाले, "पूल मी उडवला असता, तर टँकर गावात आणला कुठून?"

खरं सांगायचं तर गाव मुक्त झालं तेव्हा लोकांनी आधी मामांच्याच टँकरकडे धाव घेतली होती. नळ फुटलेले, विहिरीत काय टाकलंय कुणाला ठाऊक नाही, आणि घशाला कोरड पडलेली. घोषणा त्यांनी पाणी पिऊन झाल्यावर दिल्या. लढाई संपली आणि मामा इथेच राहिले, नगरपालिकेचा टँकर चालवत म्हातारे झाले. रांगेत कुणी घुसलं की नळ बंद करून स्टिअरिंगवर हाताची घडी घालून बसायचे. गावात निम्म्या लोकांशी त्यांचं वाकडं आहे ते त्यामुळे.

माझा धंदा खुर्च्या आणि मांडवाचा. मुक्तिदिनाच्या स्टेजवरच्या खुर्च्या वर्षानुवर्षं माझ्याच, त्यामुळे गावाची देशभक्ती मी कायम पाठीमागून पाहत आलोय. सुरुवातीला पुढच्या रांगेत सैनिक बसायचे आणि पुढारी मागे. मग पुढारी बाजूला आले, मग पुढे आले, मग त्यांना गादीच्या खुर्च्या लागल्या. सैनिकांना सकाळी लवकर आणून बसवतात, कारण शिस्त त्यांच्या रक्तात आहे. पाहुणे उन्हं डोक्यावर आल्यावर उगवतात, कारण त्यांच्या रक्तात ती नाही. मधल्या वेळात म्हाताऱ्यांनी बसून राहायचं. मैदानालगतच्या सभागृहात एक स्वच्छतागृह आहे, पण त्या दिवशी ते पाहुण्यांसाठी कुलूपबंद असतं. सुरक्षेचा प्रश्न, असं सांगतात.

बिगुलकाका हे मामांचे जिवलग. फौजेत बिगुल वाजवायचे. एका वर्षी पाहुणे 'रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत' या मुद्द्यावर रेंगाळले असताना काकांची पँट भिजली. पहिल्या रांगेत, सगळ्या गावासमोर. शाळेची पोरं फिदीफिदी हसली. समितीतल्या एकाने प्रसंगावधान राखून त्यांच्या मांडीवर पुष्पगुच्छ ठेवला. काका तो गुच्छ धरून कार्यक्रम संपेपर्यंत बसले, घरी गेले आणि पुन्हा कधी आले नाहीत. त्यांचं पाहून फौजेतला आचारी यायचा थांबला, मग गाड्या दुरुस्त करणारा थांबला. काही खरोखरच वारले. कोण घरी बसलंय आणि कोण गेलंय याची चौकशी करायला समितीला फुरसत नव्हती. राहिले एकटे मामा, तेही कशामुळे, तर आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा घोट घेत नसत म्हणून. आयुष्यभर गावाला पाणी पाजलेला माणूस. मला याची चीड यायची आणि अजूनही येते.

यंदा साठावं वर्ष. समितीचे अध्यक्ष लवाजम्यासह मामांकडे आले. खाटेवर टेकले.

"आजोबा, यंदा धूमधडाका आहे. स्मारकाचं उद्घाटन. स्टेजला अगदी लागून कारंजं बांधलंय. अखंड वाहणार."

"अखंड?" मामांनी विचारलं.

"सतत खळखळ, खळखळ."

आतून मामीचं खोकणं ऐकू आलं. ती हसू आवरायला खोकते.

"मी येतो," मामा म्हणाले. "पण माझी एकच अट आहे. स्टेजच्या मागे लघवीची सोय करा. म्हणजे बिगुल्याही येईल. तीन वर्षं झाली, मी त्या रांगेत एकटा बसतोय. शेजारी ओळखीचं कुणी नाही. त्याला घेऊन एकदा बसायचंय, आम्ही दोघं आहोत तोवर."

"झालं समजा," अध्यक्ष म्हणाले. हे वाक्य ते पाण्यासारखं वापरतात.

मग समितीच्या बैठकीत काथ्याकूट झाला. खुर्च्यांच्या हिशेबासाठी मी तिथे होतोच. एका गुरुजींनी हरकत घेतली, की पवित्र स्मारकाशेजारी असली सोय केली तर हुतात्म्यांना काय वाटेल. मी म्हणालो, "हुतात्मेही माणसंच होती गुरुजी, त्यांनाही लागायची." सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी हुतात्म्यांची बदनामीच केली. शेवटी एक तयार केबिन आणायची ठरली, कार्यक्रम संपला की लगेच उचलायच्या बोलीवर.

मी ही बातमी घेऊन बिगुलकाकांकडे गेलो. ते म्हणाले, "'पाहुणे आलेच' या अध्यक्षाच्या शब्दावर मी एकदा बसलोय. तू त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी बघ, दार उघडतंय का ते बघ, मग गाडी घेऊन ये. मी तयार होऊन बसतो."

आदल्या दिवशी केबिन आली. मी पाहिली, दार उघडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जातो तर केबिन गायब. तिच्या जागी पाहुण्यांचं भलंमोठं चित्र उभं, सलाम ठोकताना, खाली 'गाव आपलं ऋणी आहे'. सजावट समितीला केबिन दिसायला ओंगळ वाटली, म्हणून त्यांनी तिला चारही बाजूंनी फ्लेक्स गुंडाळून खिळे ठोकले होते. दारासकट.

मी अध्यक्षांना गाठलं. ते म्हणाले, "अहो, आणायची कबूल केली होती, आणली. आता ऐन वेळी साहेबांचा फोटो काढायचा का?"

एव्हाना मामांना स्टेजवर नेऊन बसवलं होतं. मामीने इस्त्री केलेला गणवेश, छातीवर पदक, आणि हाताच्या अंतरावर कारंजं. खळखळ, खळखळ. यंदा मामा चहा-पाणी पोटभर पिऊन आले होते, दिलेल्या शब्दावर विश्वास ठेवून. पाहुण्यांचा पत्ता नव्हता. बऱ्याच वेळाने पाहुणे आले, मग त्यांचा सत्कार, मग सत्काराला उत्तर. मामांनी गुडघे जुळवून घेतले. टोपी मांडीवर घेतली. मग त्यांनी मान वळवून मला शोधलं आणि नुसत्या भुवया उंचावल्या. आहे का?

माझ्या कमरेला दोर कापायचा सुरा असतो. मी मागे गेलो आणि पाहुण्यांच्या चित्राला कॉलरपासून खाली पट्ट्यापर्यंत उभं फाडलं. मनात वाईट हेतू नव्हता, दार तिथेच होतं. कडी काढली, दार उघडलं आणि मामांना हात केला.

माइकवर निवेदक रंगात आला होता. "हेच ते वीर, ज्यांनी आयुष्यात कधी पाठ दाखवली नाही." मामा उठले, गावाकडे पाठ केली आणि स्टेजच्या पायऱ्या उतरले. कठड्याला धरून, पण भराभर. साहेबांच्या पोटातून आत शिरले आणि कडी लावली.

त्याच वेळी अध्यक्षांनी माइक घेतला. "आता दिवंगत सैनिकांना श्रद्धांजली." टेबलावर फोटो मांडले होते, पुढे फुलं. मी पायऱ्यांपाशी जाऊन पाहिलं. आचारी होता. गाड्या दुरुस्त करणारा होता. मध्यभागी बिगुलकाका. जे आले नाहीत ते गेले, असा समितीने सरळ हिशेब केला होता. अध्यक्षांनी डोळ्यांना रुमाल लावला. "तो बिगुल आता कायमचा थांबला," ते म्हणाले, आणि सगळ्यांना उभं केलं. शांतता पाळायची म्हणून कारंजंही बंद केलं.

अख्खं मैदान चिडीचूप. आणि त्या शांततेत केबिनमधून एकच आवाज, सावकाश, मोकळा, बराच वेळ चाललेला. लोकांनी माना आणखी खाली घातल्या. पाहुणे बुटांकडे पाहत राहिले. शेवटी मामांनी सोडलेला सुस्काराही मागच्या रांगेपर्यंत पोचला.

मामा पट्टा सारखा करत बाहेर आले. "कोण गेलं?"

"बिगुलकाका, म्हणतायत."

"कधी?" मामांचा चेहरा पडला, मग रागाने लाल झाला. "सकाळी तर फोनवर मला शिव्या घालत होता. कुठली टोपी घालू विचारत होता."

ते पायऱ्या चढले, टेबलावरचे फोटो पाहिले आणि अध्यक्षांच्या हातातला माइक काढून घेतला. इतक्या वर्षांत त्यांच्या हाती माइक पहिल्यांदाच आला.

"बिगुल्या मेलेला नाही," मामा म्हणाले. "आचारीही नाही. इथे लघवीला जागा नाही म्हणून ते घरी बसलेत. माझा भाचा खुर्च्या लावतो, त्याने आज जागा करून दिली. आता गाडी जाईल आणि बिगुल्या येईल. तोवर पूल वगैरे काही उडवू नका."

मागच्या रांगांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष मामांच्या कानाला लागले, पण माइक चालूच होता, त्यामुळे सगळ्या गावाने ऐकलं. "आजोबा, समजून घ्या. त्यांची श्रद्धांजली झालीय हो. आता त्यांना स्टेजवर कसं आणायचं?"

मामांनी माइक त्यांच्या हातात दिला. माझ्याकडे पाहून म्हणाले, "गाडी काढ."

मी खुर्च्यांचा टेम्पो काढला. बिगुलकाका दाराशीच बसले होते. गणवेश, गळ्यापर्यंत बटणं, पायात चकचकीत बूट. मांडीवर एक पिशवी, तिच्यात जादा पँट, व्यवस्थित घडी घातलेली.

"आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"उघडी?"

"उघडी. मामा जाऊनही आले."

त्यांनी थोडा विचार केला, पिशवी दाराच्या खिळ्याला अडकवली आणि उठले. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उगाच टायरमध्ये हवा आहे का ते पाहिलं. श्रद्धांजलीचं मी वाटेत सांगितलं. ते म्हणाले, "फोटो कुठला लावलाय?"

आम्ही पोचलो तेव्हा कारंजं पुन्हा सुरू झालं होतं. पाहुणे भाषणात अजून गुलामगिरीच्या काळातच होते, मुक्ती दूर होती. मी एक गादीची खुर्ची उचलली, अध्यक्षांचीच, आणि मामांच्या शेजारी ठेवली. काका स्वतःच्या फोटोपुढून चालत गेले, फुलांवर एक नजर टाकली आणि बसले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही, नुसते खांद्याला खांदा लावून बसले.

"किती वेळ चालणार हे?" काकांनी विचारलं.

मामांनी पाय लांब केले. "चालू दे की कितीही."