चुलत्याच्या देव्हाऱ्यातला माझा बाप

वाटणी द्यावी लागू नये म्हणून माझ्या चुलत्याने माझ्या बापाला फसवले. बाप कापसाच्या गाड्या घेऊन परमुलखात गेला होता, तेव्हा गावात भाट आला. भाट घराण्याच्या पिढ्या तोंडपाठ ठेवतो. काही वर्षांनी येतो, ओट्यावर बसून सगळी नावे म्हणतो आणि गाव ऐकते. चुलत्याने त्याला जेवू घातले, शेला दिला आणि सांगितले, धाकटा आमच्या रक्ताचा नाही, आईने दया येऊन वाढवलेला आहे. भाटाने नाव गाळले. बाप परतला तेव्हा त्याला भाऊबंदांच्या पंगतीतून उठवले. आम्ही अमरावतीला आलो. तो तिथेच खंगून गेला.

पुढे सातासमुद्रापार लढाई लागली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसावर व्यापारी तुटून पडले. मी गाडीवानाचा पोर. चिमटीत धागा ओढून मालाचा कस सांगू लागलो, दलाल झालो. माझ्याशी घासाघीस करताना भले भले घाम पुसत. पण लेकीला अकोल्याकडचे स्थळ आले, तेव्हा मुलाच्या बापाने एवढेच विचारले, "भाट तुमचं नाव काहून घेत नाही जी?" स्थळ मोडले.

तेव्हा मी घराण्याचा माग काढायला निघालो. आधी भाटाला गाठले.

"ज्याच्या ओट्यावर बसतो, तो सांगीन ते मी म्हनतो," तो हसत म्हणाला. "तुमी बी बसवा न मले!"

मी त्याचे पागोटे उडवले. विकत घेतलेले नाव मला नको होते.

मग गावच्या न्हाव्याच्या म्हाताऱ्या विधवेकडे गेलो. सोयऱ्यांना आवतणे त्याच घरातून जात. तिने मला ओळखले, पण दार अर्धेच उघडले. "तुह्या बापाच्या वक्ताचं बाळंतपण माह्या सासूनं केलं, असं ती म्हने. पन मी डोयानं नाही पाह्यलं रे बाप्पा. जित्या मानसायले नको विचारू. टाक घडवनाऱ्या सोनाराले विचार."

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली लहानशी मूर्ती. घरातला कोणी अतृप्त मेला आणि घराला त्रास होऊ लागला, की त्याचा टाक करून देवांत बसवतात. परक्याचा टाक कोणी करत नाही.

सोनार अकोल्याला. मी गावाचे आणि चुलत्याचे नाव सांगताच तो फुंकणी खाली ठेवून म्हणाला, "तुमच्या काकानं नेला न एक. गुरं मरून राहिली होती. देवऋषी म्हने, मेलेल्या धाकट्या भावाचा जीव अडकला. मी हातात चाबूक काढून देल्ला, गाडीवान होता म्हनून."

"पंचांत सांगता?"

"मले धंदा करायचा हाय, भाऊ." त्याने पुन्हा फुंकणी उचलली.

मी तसाच गावी गेलो. चुलता ओट्यावर सुपारी कातरत होता.

"काहून आला बे?"

"देव पाहाले."

"आमचे देव परक्याले दाखवत नाही."

"मंग माह्या बापाले बाहेर आना!"

अडकित्ता थांबला. आतून काकूचा हुंदका आला. चुलता उठला, आत गेला आणि कडी लावली. मी दार ठोकत राहिलो. भाऊबंद जमले आणि एकेक करून परत गेले. शेवटी अंधार पडल्यावर मी परत फिरलो. लेक अजून घरातच आहे. स्थळे येत नाहीत.

भाट, न्हावीण, सोनार, सगळ्यांना विचारून झाले. आता एकच माणूस उरला. काका, माझा बाप तुमचा कोणी नव्हता, तर रोज सकाळी त्याला हळदकुंकू कशाला वाहता? आणि भाऊ होता, तर त्याला जिवंतपणी पंगतीतून का उठवले? दाराआडून नको. पंचांपुढे या आणि उत्तर द्या.