हॉलची मोकळी भिंत

घर विकायला निघालेल्या माणसापुढे, त्याचं घर एकदा पाहून आल्यावर, आम्ही एक फाइल ठेवतो. खोल्यांचे फोटो, आसपासच्या व्यवहारांचे भाव, घर कोणाला आणि कसं दाखवू, सगळं त्यात. ती पटली तर घर आमच्याकडे विक्रीला येतं. वर्ध्यात मी हे काम बरीच वर्षं करते आहे. त्यातल्या एका फाइलीची मला अजून लाज वाटते.

सावंगीचं ते घर एका निवृत्त शिक्षकांचं. बायकोचे गुडघे गेलेले, जिना चढवत नव्हता, म्हणून नागपूरला लेकीजवळ तळमजल्याचा फ्लॅट घ्यायचा होता. हे घर चांगल्या भावात गेलं तरच ते जमणार होतं. बांधकाम पक्कं, सरांनी स्वतः उभं राहून करून घेतलेलं. हॉलच्या दर्शनी भिंतीला वंदनेची जागा होती: बुद्धमूर्ती, मागे पंचरंगी ध्वज, पुढे ताजी फुलं.

फोटो बघून आमच्या ऑफिसचे मालक खेकसले, "मॅडम, हे काऊन घेतलं? कोणाचं घर हाय ते पहिल्याच फोटोत कायले सांगता? भाव पडते. साफ करा."

माझं डोकं सणकलं. याच माणसाच्या हुकमावरून बाकी फाइलींत आम्ही 'ईशान्येला देवघर' असं ठळक अक्षरांत छापतो. तिथे शेंदूर, समई, सगळं चालतं. तिथे कोणाचं घर ते कळलं की भाव चढतो! हे त्यांच्या तोंडावर बोलायला हवं होतं. मी काय केलं? मुकाट्याने जागेवर जाऊन बसले आणि कॉम्प्युटरवर मूर्ती पुसली, ध्वज पुसला, फुलंसुद्धा पुसली. भिंतीचा रंग इतका बेमालूम जुळवला की स्वतःवरच खूश झाले. आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी सरांनी फाइल उघडली. चष्मा सारखा केला, फोटो पाहिला, मग मान वर करून समोरची भिंत पाहिली. त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. त्यांनीही वाकून पाहिलं आणि कप ठेवून आत गेल्या.

"पोरी, हे काऊन पुसलं?"

"सर, गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून. तुमाले भाव चांगला यावा..."

"आतापर्यंत किती जण घर पाहून गेले?"

"अजून कोणालेच दाखवलं नाई, सर."

"मंग बिचकलं कोण?"

त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. त्यांनी फाइल मिटून माझ्या हातात दिली.

"चहा पिऊन जाजो," म्हणाले.

घर त्यांनी आमच्याकडे दिलं नाही.